‘शॅडो अँड बोन’ निम्म्यात सोडलं. ले बार्डुगोला दुसरी संधी द्यायची तर कुठल्या पुस्तकापासून?

पानगळ:
वाचनगटासाठी सल्ला हवा आहे. गटातली मुलंमुली १५ ते १९ वयाची, इंग्रजी बऱ्यापैकी वाचणारी. ‘शॅडो अँड बोन’ घेतलं होतं, बहुतेकांनी निम्म्यात खाली ठेवलं. तक्रारी तीन. एक, गरीब अनाथ मुलीत अचानक जगावेगळी शक्ती निघते, हे फार वेळा वाचून झालंय. दोन, ही मुलगी, अलिना, सतत स्वतःबद्दल आणि माल नावाच्या बालमित्राबद्दलच बोलत राहते. तीन, रशियन वाटणारे शब्द डोक्यात बसत नाहीत आणि ज्या एकीला रशियन येतं तिला तर ते खटकतातच.

आता काही जणी म्हणतात की याच लेखिकेचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ घेऊया, ते पूर्ण वेगळं आहे. खरंच वेगळं आहे का? आधीची त्रयी न वाचता कळेल का? की ‘नाइन्थ हाउस’ घ्यावं? पुन्हा निम्म्यात सुटलं तर गट या लेखिकेकडे परत वळणार नाही, म्हणून नीट विचारून ठरवायचं आहे.

शाईदौत:
दुसरी संधी जरूर द्या, आणि थेट ‘सिक्स ऑफ क्रोज’पासूनच द्या. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी ज्या मुळातून आल्या आहेत, ते मूळच या पुस्तकात बदललंय.

त्रयी २०१२, २०१३ आणि २०१४ मध्ये आली: ‘शॅडो अँड बोन’, ‘सीज अँड स्टॉर्म’, ‘रुइन अँड रायझिंग’. तिन्ही अलिनाच्या तोंडून. सुरुवातीचा आणि शेवटचा छोटा तुकडा तेवढा तृतीयपुरुषी आहे, त्यात माल आणि अलिना नुसती ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ म्हणून येतात. मधली तीनशेच्या वर पानं आपण एकाच डोक्यात बसलेले. आता या डोक्याला जगाची काहीच माहिती नाही. त्यामुळे ग्रिशा, म्हणजे त्या जगातले शक्ती असलेले लोक, कोण, त्यांच्या श्रेणी कुठल्या, राजवाड्यात कोण कुणाच्या वर, हे सगळं कुणीतरी अलिनाला समजावून सांगतं आणि आपण तिच्या शेजारच्या बाकावर बसून ऐकतो. तुमची मुलं बहुधा इथेच कंटाळली असणार. पुढे कथेला कलाटणी देणारं मोठं रहस्य आहे, तेही तिला शोधावं लागत नाही, दुसरं कुणीतरी येऊन सांगतं. एकाच निवेदकाला बांधून घेतलं की ही अडचण येतेच.

‘सिक्स ऑफ क्रोज’ सप्टेंबर २०१५ मधलं. इथे तृतीयपुरुषी निवेदन आहे आणि प्रकरणं पाच जणांमध्ये वाटलेली आहेत: काझ, इनेज, जेस्पर, नीना, मथायस. टोळीतल्या सहाव्याला, वायलनला, या पुस्तकात स्वतःचं प्रकरण नाही. त्याला कारण आहे, ते शेवटाकडे कळतं, आणि दुसऱ्या भागात, ‘क्रुकेड किंगडम’मध्ये (२०१६), त्याची प्रकरणं येतात. कथा आहे दरोड्याची. केटरडॅम या व्यापारी बंदरातला एक धनाढ्य टोळीला तीन कोटी क्रूगे (तिथलं चलन) देऊ करतो. बदल्यात उत्तरेकडच्या बर्फमहालातून एका शास्त्रज्ञाला पळवून आणायचं. इथे कुणाचीही निवड दैवानं केलेली नाही. प्रत्येकाला काझनं कौशल्य बघून किंवा वर्मावर बोट ठेवून गोळा केलंय.

लेखिकेचा हात कुठे बसला ते पाहायचं असेल तर दुसरं प्रकरण सावकाश वाचा. मध्यरात्री एक्स्चेंजच्या आवारात दोन टोळ्यांची बोलणी. काझ काठी टेकत येतो. समोरच्या म्होरक्यानं पहारेकरी विकत घेतलाय, आणि काझच्या बाजूचा एक माणूसही फुटलेला आहे. हे सगळं आपल्याला इनेजच्या नजरेतून दिसतं आणि काझला काय ठाऊक आहे ते तिलाही पूर्ण माहीत नाही. मग एकेक पान उलटत जातं: फितूर कोण, दुसरा पहारेकरी कुणाचा, म्होरक्याची दुखरी नस कुठली. आधी परिणाम, मागून कारण. पुढचं अख्खं पुस्तक याच चालीनं चालतं. दरोड्याच्या कथेत जो बेत वाचकाला आधी सगळा सांगितला जातो तो फसतो आणि जो लपवला जातो तो जमतो, हा जुना नियम. बार्डुगो तो काझच्या स्वतःच्या प्रकरणांतही पाळते. काहींना ही लबाडी वाटते. मला ती न्याय्य वाटते, कारण दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक खूण जागेवर सापडते.

वाचताना अडखळायला होतं ते कुठे, तेही सांगतो.

पहिलं प्रकरण योस्ट नावाच्या पहारेकऱ्याचं आहे आणि तो पुन्हा निवेदक म्हणून येत नाही. बरेच वाचक त्यालाच नायक समजतात आणि दुसऱ्या प्रकरणात गोंधळतात. मुलांना आधीच सांगा की योस्टला विसरलं तरी चालेल, एवढंच धरून ठेवा: जखमा भरणाऱ्या एका ग्रिशा मुलीला एक औषध दिलं जातं आणि ती माणसांना हुकूम देऊ लागते, तो हुकूम त्यांना मोडता येत नाही. या औषधाचं नाव युर्दा पारेम. सगळी कथा त्याच्यावर उभी आहे.

दुसरं म्हणजे नावं. सुरुवातीच्या प्रकरणांत गल्ल्या, टोळ्या, अड्डे धडाधड अंगावर येतात. ‘ड्रेग्ज’ ही काझची टोळी, ‘स्लॅट’ त्यांचं घर, ‘बॅरल’ ती वस्ती. बाकीची आपोआप कळतात.

आणि सोडायचंच असेल तर तुरुंगाचा भाग संपून जेस्परचं पहिलं प्रकरण होईपर्यंत थांबा. तोवर पाचही निवेदक भेटलेले असतात. त्याआधी सोडलं तर जेमतेम निम्मी टोळी पाहून निकाल दिल्यासारखं होईल.

उत्तरायण:
शाईदौत यांच्या बऱ्याच म्हणण्याशी सहमत, पण एक किंमत आहे ती त्यांनी सांगितली नाही. ‘सिक्स ऑफ क्रोज’ त्रयीनंतर साधारण दोन वर्षांनी घडतं. रावकाचं, म्हणजे अलिनाच्या देशाचं, यादवी युद्ध कुणी जिंकलं, ग्रिशांचा म्होरक्या डार्कलिंग याचं काय झालं, हे त्यात सहज बोलून टाकलंय. ‘क्रुकेड किंगडम’मध्ये तर त्रयीतली माणसंच येतात. पुढे कुणाला त्रयीकडे परत जावंसं वाटलं तर शेवट आधीच ठाऊक असेल. ज्यांनी निम्म्यात सोडलंय आणि पुढे काय झालं याची थोडी तरी ओढ आहे, त्यांना हे स्पष्ट सांगावं.

अशांसाठी दुसरा मार्ग: ‘शॅडो अँड बोन’च्या उरलेल्या भागाचा पानभर सारांश तोंडी सांगा आणि ‘सीज अँड स्टॉर्म’ सुरू करा. त्यात स्टर्महॉन्ड नावाचा खासगी लढाऊ जहाजाचा कप्तान येतो आणि पुस्तकाचा श्वासच बदलतो. संवाद चटपटीत होतात, राजकारणाला धार येते. बार्डुगोला विनोद जमतो हे पहिल्यांदा इथे कळतं. पण निवेदन शेवटपर्यंत अलिनाचंच आहे. ज्यांची तक्रार तिच्या आवाजाबद्दल आहे त्यांना हा मार्ग सुचवू नका, ते पुन्हा सोडतील.

आणि एक चूक हमखास होते: दुकानात ‘किंग ऑफ स्कार्स’ (२०१९) सुटं दिसतं, मुखपृष्ठ देखणं, म्हणून तिथून सुरुवात. ते आणि ‘रूल ऑफ वुल्व्ह्ज’ (२०२१) ही दोन्ही पुस्तकं आधीची पाच वाचली आहेत असं धरून लिहिली आहेत. नीनाचं दुःख तिथे पहिल्या पानांपासून आहे आणि ते कशाचं हे ‘क्रुकेड किंगडम’ वाचल्याशिवाय पोचत नाही.

काना_मात्रा:
तिसऱ्या तक्रारीबद्दल लिहिते, कारण ती खरी आहे आणि ‘तेवढं चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नये.

ग्रिशा हे ग्रिगोरी या नावाचं घरगुती, लाडाचं रूप. परदेशी लेखिकेनं महाराष्ट्रावर बेतलेला देश उभा करावा आणि तिथल्या मांत्रिकांच्या अख्ख्या पंथाला ‘गण्या’ म्हणावं, तसं ते रशियन कानाला लागतं. दुसरं, अलिना स्टारकोव्ह. रशियनमध्ये बाईचं आडनाव स्टारकोवा होईल. तिसरं, शक्ती नसलेल्या लोकांसाठी वापरलेला ‘ओत्काझात्स्या’ हा शब्द. रशियनमध्ये ते ‘नकार देणं’ या अर्थाचं क्रियापद आहे, नाम नव्हे. आणि क्वास. राईच्या पावापासून आंबवलेलं ते सौम्य पेय आहे, त्यात मद्यार्क जेमतेम असतो. पुस्तकात मात्र लोक ते पिऊन तर्र होतात. नीरा पिऊन कुणी झिंगल्यासारखं.

रशियन जाणणाऱ्या मुलीला सांगा की तिचं बरोबर आहे. मग हेही सांगा की केटरडॅममध्ये हा त्रास पुष्कळ कमी होतो. ते शहर जुन्या ॲमस्टरडॅमवर बेतलंय, पण तिथली बरीचशी नावं टोळीवाल्यांनी ठेवलेली, साध्या इंग्रजीतली आहेत: क्रो क्लब, ईस्ट स्टेव्ह, वेस्ट स्टेव्ह. लेखिकेला परक्या व्याकरणाच्या वाटेला फारसं जावंच लागत नाही.

ज्यांना शब्द लक्षात राहत नाहीत त्यांच्यासाठी पुस्तकाच्या सुरुवातीची ग्रिशा श्रेणींची यादी एका चिठ्ठीवर उतरवून खूण म्हणून पुस्तकात ठेवा. तीनच गट आहेत. कॉर्पोराल्की शरीरावर काम करतात, त्यात मारणारे आणि बरे करणारे दोन्ही. इथेरियाल्की वारा, आग, पाण्यावर. मटेरियाल्की धातू, काच, कापड, रसायनं यांच्यावर. रावकात त्यांचे अंगरखे, म्हणजे केफ्ता, याच क्रमानं लाल, निळे आणि जांभळे. ‘सिक्स ऑफ क्रोज’साठी एवढं पुरे. नीना यातली पहिल्या गटातली.

पानगळ:
सगळ्यांचे आभार. अजून तीन शंका. १५ वर्षांच्या मुलांना ‘सिक्स ऑफ क्रोज’ झेपेल का, म्हणजे आशयाच्या दृष्टीनं? नेटफ्लिक्सची मालिका आधी दाखवली तर पात्रं ओळखीची होतील का? आणि काहींची अजून तयारीच नाही, साडेचारशेवर पानं पुन्हा नकोत म्हणतात. त्यांच्यासाठी काही छोटं?

सुईदोरा:
आशयाबद्दल. इनेज चौदा वर्षांची असताना तिला गुलामांचा व्यापार करणारे पळवतात आणि केटरडॅममधल्या कुंटणखान्यात विकतात. ते प्रसंग उघडे करून दाखवलेले नाहीत, पण त्याची जखम तिच्या प्रत्येक प्रकरणात आहे. काझला माणसाच्या त्वचेचा स्पर्श सहन होत नाही, म्हणून कायम हातमोजे. त्यामागची हकिगत साथीच्या रोगाची आणि प्रेतांची आहे, वाचताना अंगावर येते. जहाजावर एका कैद्याचा डोळा काढण्याचा प्रसंग सरळ दाखवलाय. पारेमचं व्यसन दोन्ही पुस्तकांत आहे. १५ वर्षांच्यांना देता येईल असं माझं मत आहे, पण या चार गोष्टी आधी सांगून द्या. वाचताना एकट्यानं त्यावर आदळण्यापेक्षा ते बरं.

‘नाइन्थ हाउस’ (२०१९) मात्र या गटात नको. ते येल विद्यापीठातल्या गुप्त मंडळांवरचं आहे, मोठ्यांसाठीच लिहिलेलं. लैंगिक अत्याचार आणि हिंसा त्यात फार उघडपणे येतात. लेखिकेचं नाव तेच असल्यामुळे ते पुष्कळदा किशोरांच्या कपाटात जाऊन बसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. ‘द फॅमिलियर’ (२०२४) हेही मोठ्यांचंच. सोळाव्या शतकाच्या अखेरचं स्पेन, पण ते वेगळ्या चर्चेत घेऊ.

मुलांकडून एक आक्षेप नक्की येईल: सतरा वर्षांचा मुलगा एवढ्या मोठ्या वस्तीवर दरारा कसा बसवतो? टोळीतले सगळे १६ ते १८ वयाचे आहेत आणि वागतात पंचविशीतल्यासारखे. आक्षेप रास्त आहे. मी तरी वयाचे आकडे बाजूला ठेवून वाचा असंच सांगेन. आकडे काढले तर कथेतलं काहीच हलत नाही.

उत्तरायण:
मालिका आधी दाखवू नका. पहिला भाग एप्रिल २०२१ मध्ये आला, दुसरा मार्च २०२३ मध्ये, दोन्ही आठ-आठ एपिसोडचे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ती बंद झाल्याचं जाहीर झालं. अडचण अशी की मालिकेनं त्रयी आणि टोळी एकाच काळात आणली. पहिल्या भागात काझची टोळी अलिनाला पळवायला निघते, ते पुस्तकांत कुठेही नाही. दुसऱ्या भागात ‘क्रुकेड किंगडम’मधले काही धागे आधीच ओढून घेतलेत. ज्याच्यासाठी पुस्तक वाचायचं तो बर्फमहालावरचा दरोडा मात्र पडद्यावर आलाच नाही. म्हणजे रहस्यं फुटणार आणि मुख्य कथा मिळणार नाही. शिवाय मुलांना वाटेल की हे तर त्याच अलिनाचं पुढचं, आणि तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय. नंतर दाखवा, तुलना करायला छान आहे. काझ, इनेज आणि जेस्परचं काम करणारे तिघे फार चांगले आहेत.

खारीचा_वाटा:
छोटं हवं असेल तर ‘द लँग्वेज ऑफ थॉर्न्स’ (२०१७). त्याच जगातल्या सहा लोककथा, म्हणजे तिथल्या आज्या नातवंडांना सांगतील अशा. कुठल्याही कादंबरीची ओळख लागत नाही, कुणाचं रहस्य फुटत नाही.

त्यातली ‘द विच ऑफ डुव्हा’ गटात मोठ्यानं वाचा, एका बैठकीत होते. दुष्काळ पडलेलं गाव, रानात नाहीशा होणाऱ्या मुली, घरात आलेली सावत्र आई, आणि रानातलं चेटकिणीचं घर. ऐकणाऱ्याला वाटतं की ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट वाघाच्या बाजूनं सांगितली तर जसा धक्का बसेल तसा शेवटी बसतो. शेवटाच्या दोनेक पानं आधी थांबा आणि विचारा, दोषी कोण? मग पुढचं वाचा. शेवट कडू आहे, आणि मुलींवरच्या अत्याचाराची छाया त्यात आहे, हे लक्षात असू द्या.

पुस्तक शक्यतो छापील घ्या. सारा किपिन यांची चित्रं समासातून वाढत जातात. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात जेमतेम एक फांदी, पुढच्या पानावर तिला काटे, मग आणखी काही, असं करत कथा संपते तेव्हा अक्षरांभोवतीची चौकट भरलेली असते, आणि उलटल्यावर पूर्ण दोन पानांचं चित्र. स्वस्त ई-वाचकाच्या काळ्यापांढऱ्या छोट्या पडद्यावर यातली मजा निम्मी होते.

कथा आवडली पण कादंबरी नको, असं कुणी म्हणालं तर तेही ठीक. आणि कथाही नाही आवडली, तर तक्रार अलिनाबद्दल नसून बार्डुगोच्या भाषेबद्दल आहे असं समजा. छोटी टोकदार वाक्यं, परिच्छेदाच्या शेवटी ठेवणीतला फटका, ही तिची लकब सगळ्या पुस्तकांत आहे, ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये तर जास्तच. अशा वाचकाला तिसऱ्यांदा आग्रह करू नका.

शाईदौत:
वर मी कथासंग्रहाचा उल्लेख करायला हवा होता, खारीचा_वाटा यांनी बरोबर सांगितलं. ‘डुव्हा’ आधी, मग ‘क्रोज’, हा क्रम माझ्या क्रमापेक्षा चांगला आहे.

प्रती घेताना काय बघायचं ते. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली प्रतींत पुढची नकाशाची पानं बऱ्याचदा गाळलेली किंवा काळी ठिक्कर छापलेली असतात. ‘सिक्स ऑफ क्रोज’मध्ये बर्फमहालाचा आराखडा त्या पानांवर आहे. एकात एक वर्तुळाकार भिंती, कुठून आत, कुठून बाहेर, हे तो समोर असल्याशिवाय उत्तरार्धात कळत नाही. एकाच प्रतीत तो नीट असेल तर गटासाठी मोठी झेरॉक्स काढून भिंतीवर लावा. प्रकरणं ४६ असायला हवीत, आणि शेवटचं प्रकरण पाच निवेदकांपैकी कुणाचंच नाही, काझच्या विरोधी टोळीचा म्होरक्या पेक्का रॉलिन्स याचं आहे. ते नसेल तर प्रत अपुरी आहे.

जुन्या पुस्तकांत ‘द गॅदरिंग डार्क’ नावाचं बार्डुगोचं पुस्तक दिसलं तर नवं समजून घेऊ नका. ब्रिटनमध्ये ‘शॅडो अँड बोन’ आधी त्या नावानं निघालं होतं.

वेळापत्रक सोपं आहे, पुस्तकाचे सहा भाग पाडलेलेच आहेत. दर आठवड्याला एक भाग. मागची ऋणनिर्देशाची पानं मात्र शेवटच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, आधी नाही. लेखिकेला हाडांचा आजार आहे, तिला स्वतःला कधी कधी काठी घेऊन चालावं लागतं, हे तिनं तिथे लिहिलंय. काझची काठी नंतर वेगळी दिसते.

आणि ‘क्रुकेड किंगडम’ त्याच वेळी आणून ठेवा. दरोडा पहिल्या पुस्तकात पार पडतो, पण टोळीतलं एक माणूस शेवटी शत्रूच्या हाती राहतं आणि पुस्तक तिथेच थांबतं. सहाव्या आठवड्यात दुसरा भाग हाताशी नसला तर मुलं इंटरनेटवर शेवट शोधून वाचतील.